शब्द प्रमाण, पण कुणाचा?

अटक म्हणजे काय, याची भारतीय कायद्यातली कल्पना देहाशी बांधलेली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ सांगते, आणि त्याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ हेच सांगत होते, की ज्याला अटक करायची त्याच्या अंगाला पोलीस अधिकाऱ्याने प्रत्यक्ष हात लावला पाहिजे किंवा त्याला अडवून धरले पाहिजे. अपवाद एकच. तो माणूस आपल्या बोलण्यातून वा वागण्यातून स्वतःच ताब्यात आला, तर हात लावायचे कारण उरत नाही.

गेल्या काही वर्षांत ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने जी लूट चालली आहे, ती कायद्यात न शोधताच या अपवादावर येऊन बसली आहे. तिच्यात हात लावायला कुणी येत नाही. बेडी नाही, गाडी नाही, कोठडी नाही. पोलीसही नाही. उरते ती फक्त शरणागती, आणि ती देणारा माणूस आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, स्वतःवर स्वतःच पहारा करत बसलेला असतो. कधी दोन दिवस, कधी दोन महिने.

कार्यपद्धती आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. फोन येतो. कधी कुरिअर कंपनीतून: तुमच्या नावाचे पार्सल तैवानला चालले होते, त्यात पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडले. कधी दूरसंचार नियामकाच्या नावाने: तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमकार्डावरून गैरप्रकार झाले, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील. मग फोन ‘मुंबई पोलिसां’कडे जोडला जातो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, पार्श्वभूमीला वायरलेसची खरखर. तिथून प्रकरण सीबीआयकडे, ईडीकडे. शेवटी तुमचा पैसा ‘पडताळणीसाठी’ रिझर्व्ह बँकेच्या एका खात्यात टाकायचा, निर्दोष ठरलात की परत. असे कुठलेही पडताळणी खाते रिझर्व्ह बँकेकडे नाही, आणि व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद या देशाच्या कुठल्याच कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अशा एका कॉलमधले संभाषणच ऐकवून हे सांगितले होते.

सांगून फरक किती पडला, हा प्रश्न वेगळा. गृह मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या आकड्यांनुसार डिजिटल अरेस्ट आणि तत्सम गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ साली ३९,९२५ होत्या आणि गेलेली रक्कम सुमारे ९१ कोटी रुपये. २०२४ साली तक्रारी १,२३,६७२ झाल्या आणि रक्कम सुमारे १,९३५ कोटी. तक्रारी तिप्पट, पैसा एकवीस पट. म्हणजे चोर नुसते वाढले नाहीत. ते अधिक सधन, अधिक शिकलेल्या, अधिक प्रतिष्ठित माणसांपर्यंत पोहोचले.

इथेच या प्रकाराचे कोडे सुरू होते. जुन्या फसवणुकीमागे बहुतेक वेळा लोभ असे. लॉटरी लागली, सोने दुप्पट करून देतो, परदेशातल्या कुणा राजपुत्राला वारस हवा आहे. ऐकणाऱ्याला ‘हाव नडली’ म्हणून हळहळ आटोपती घेता येई. डिजिटल अरेस्टमध्ये हावेचा संबंधच नाही. लुटला जातो तो निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर. ज्याने आयुष्यात कर बुडवला नाही, सिग्नल तोडला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे ८२ वर्षांचे एक नामवंत वस्त्रोद्योगपती, पद्मभूषणाचे मानकरी, दोन दिवस असे ‘अटकेत’ राहिले. त्यांना पाळत ठेवण्याच्या नियमांची लांबलचक यादी पाठवली गेली, व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालय भरवले गेले, तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंग आणले गेले, आणि न्यायालयाचा शिक्का असलेला आदेश व्हॉट्सअॅपवर आला. सात कोटी रुपये गेले. त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी नंतर परत मिळवले. या उद्योगपतींनी मुलाखतीत सांगितले, न्यायाधीशांचा चेहरा दिसत नव्हता, पण लाकडी हातोडा आपटल्याचा आवाज येत होता. भारतीय न्यायालयांत हातोडा वापरतच नाहीत. तो सिनेमातून आलेला आहे. पण ज्याने न्यायालय सिनेमातच पाहिले, त्याला तोच आवाज सर्वांत खरा वाटणार.

सद्गुणच जिथे फितूर होतो, अशी फसवणूक आपल्या परंपरेला नवी नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात रावण पंचवटीतल्या पर्णकुटीशी येतो तो परिव्राजकाच्या वेषात: भगवी वस्त्रे, छत्री, दंड, कमंडलू, ओठांवर वेदघोष. (लक्ष्मणरेषा वाल्मीकींत नाही, ती नंतरची, त्यामुळे ‘रेषा ओलांडली म्हणून’ हे सोपे स्पष्टीकरण मूळ कथेत मिळत नाही.) सीता त्याला आसन देते, पाय धुवायला पाणी देते, आपली सगळी हकिगत सांगते. का? तर समोर ब्राह्मण अतिथी उभा आहे, उत्तर दिले नाही तर तो शाप देईल, असे तिच्या मनात येते. एकीकडे अतिथिधर्म आणि दुसरीकडे दंडाची भीती, या दोहोंच्या चिमटीत ती सापडते. आजच्या फोनवरचा ‘अधिकारी’ हीच चिमटी वापरतो. आधी म्हणतो, तुम्ही सुशिक्षित आहात, तपासाला सहकार्य करणे तुमचे कर्तव्य आहे. आणि लगेच म्हणतो, नाही केलेत तर आजच उचलू. सीतेला कुणी मूर्ख म्हणत नाही. आजच्या फसलेल्या माणसाला मात्र शेजारपाजार सर्रास म्हणतो.

तेव्हा विचारायचा प्रश्न ‘ही माणसे इतकी भोळी कशी?’ असा नाही. प्रश्न असा आहे, की दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे कधी योग्य असते? भारतीय दर्शनांनी यावर शतकानुशतके डोकेफोड केली आहे आणि ती आजच्या फोनलाही लागू पडते.

चार्वाक म्हणाले, प्रत्यक्षाखेरीज काहीच प्रमाण नाही. वैशेषिक आणि बौद्ध तार्किक म्हणाले, प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच; कुणाचा शब्द खरा मानणे हा अनुमानाचाच प्रकार. न्यायदर्शनाने मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला, पण अट घालून: तो आप्ताचा, म्हणजे विश्वसनीय माणसाचा शब्द असला पाहिजे. आता आप्त कुणाला म्हणायचे? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो, ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. आप्तपण पदात नाही, कुळात नाही, वेषात नाही. ते जाणण्यात आणि प्रामाणिकपणात आहे. गणवेश, ओळखपत्र, भिंतीवरचे बोधचिन्ह यांतले काहीच या व्याख्येत बसत नाही. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने जे सांगितले त्यातही हा मुद्दा आहे: बोलणारा अधिकारी दिसतो, एवढ्यावरून त्याचे म्हणणे स्वीकारू नका.

पण व्याख्या पाठ असूनही फोनवर ती उपयोगी का पडत नाही? कारण समोरच्याला ठाऊक आहे का, त्याचा हेतू काय, हे फोनवर दिसत नाही. दिसतो तो वेष. आणि चोरांनी आप्ताच्या पडताळणीचीही सोय करून ठेवलेली असते. दूरसंचारवाला पोलिसांची ग्वाही देतो, पोलीस सीबीआयची, सीबीआय रिझर्व्ह बँकेची, आणि सर्वांवर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का. ऐकणाऱ्याला वाटते, चार-चार संस्था एकच गोष्ट सांगत आहेत, खोटे कसे असेल? नैयायिकांच्या भाषेत हा अन्योन्याश्रय दोष. सगळे साक्षीदार एकमेकांच्या खांद्यावर उभे. जमिनीवर पाय एकाचाही नाही. एका खोलीत बसलेली चार माणसे म्हणजे चार पुरावे नव्हेत.

या साखळीची फजिती कशी होते, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळात दिसले. मुंबई पोलीस म्हणून गणवेशात बसलेल्या एका भामट्याने व्हिडिओ कॉल लावला तो नेमका त्रिशूर शहर पोलिसांच्या सायबर कक्षात. दरडावून ‘कॅमेरा सुरू करा’ म्हणाला. पलीकडच्याने जरा आढेवेढे घेत कॅमेरा सुरू केला, तर समोर खरा गणवेश. ती चित्रफीत देशभर फिरली. त्या दिवशी दोन्ही बाजूंना एकच कापड होते. फरक इतकाच की एकाकडे ते तपासून घेण्याची सोय होती.

अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅमने १९६१ पासून आज्ञाधारकपणावर जे प्रयोग केले, त्यांतला एक तपशील इथे आठवण्याजोगा आहे. संशोधक खोलीत उभा राहून हुकूम देत होता तेव्हा ४० पैकी २६ जण दुसऱ्या माणसाला (त्यांच्या समजुतीप्रमाणे) विजेचा सर्वांत जबर झटका देईपर्यंत गेले. तोच संशोधक खोलीबाहेर जाऊन टेलिफोनवरून हुकूम देऊ लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचात एक उरले. फोनवरची सत्ता पातळ असते. म्हणून तर डिजिटल अरेस्टवाले साध्या फोनवर थांबत नाहीत. कॅमेरा बंद करू देत नाहीत, स्वयंपाकघरात जाताना परवानगी मागायला लावतात, झोपतानाही फोन उशाशी ठेवायला सांगतात. मिलग्रॅम त्यांनी वाचला नसेल, पण त्याचा निष्कर्ष त्यांना धंद्यातून कळलेला आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. ज्याने काहीच केलेले नाही, तो घाबरतो कशाला?

मराठी मध्यमवर्गाने याचे एक उत्तर म्हणीत घालून ठेवले आहे: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सज्जनपणाची ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत मुरली, आणि तिच्यामुळे कायद्याचा खरा अनुभव नसणे हीच सभ्यतेची खूण ठरली. चोरांनी पायरी चढायचे कष्टच ठेवले नाहीत, कोर्ट थेट दिवाणखान्यात आणले. ज्याने कधी समन्स पाहिले नाही, त्याला खोटे समन्स कशावरून ओळखू येणार?

दुसरे उत्तर अधिक आजचे आहे. आपण निर्दोष आहोत हे माणसाला आपल्या कृत्यांबद्दल ठाऊक असते. आपल्या कागदांबद्दल ते छातीठोक सांगता येत नाही. आधारची झेरॉक्स त्याने सिमकार्डाच्या दुकानात दिली, लॉजवर दिली, मुलाच्या क्लासला दिली, गॅस एजन्सीत दिली, आणि प्रत्येकीवर सही ठोकली. ‘तुमच्या आधारवर कुणीतरी खाते उघडले आहे’ हे वाक्य ऐकताच तो ‘शक्यच नाही’ म्हणू शकत नाही. कारण ते शक्य असते. पूर्वी पाप-पुण्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असे आणि माणसाला निदान आपल्या करणीची आठवण असे. आता त्याच्या नावाने फिरणारी एक कागदी सावली आहे आणि तिने काय केले याचा त्याला पत्ता नाही. फोनवरचा माणूस त्या सावलीच्या वतीने बोलतो.

वेषांतर करून पैसे मागणारा महाराष्ट्राला तसा ओळखीचा आहे. बहुरूपी गावात येई तो कधी फौजदार होऊन; खाकी कपडे, हातात दांडके, ‘तुमच्या नावाचे वॉरंट आहे, चला’ असा दम. घरातले हसत, पोरे मागे धावत, कुणी सुपात दाणे घाली. त्याचे सोंग उघडे पडण्यावरच त्याची कमाई होती. पाहणाऱ्याने ओळखले नाही तर कला फुकट. आणि तो दम देई तो भर चौकात, दहाजणांच्या देखत. फोनवरचा फौजदार पहिली अट घालतो ती याच्या नेमकी उलट: खोलीचे दार लावून घ्या, बायकोला सांगू नका, मुलाला सांगितलेत तर तोही आरोपी होईल, हा राष्ट्रीय सुरक्षेचा मामला आहे.

सगळा प्रकार या एका अटीवर उभा आहे, आणि ती का घातली जाते हे मीमांसकांकडून समजून घेता येते. नैयायिक म्हणत, ज्ञान खरे आहे हे बाहेरून ठरते. त्यावर विसंबून केलेली कृती फळली की ते प्रमाण. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणत, असे केले तर माणसाला पाऊलही टाकता येणार नाही. ज्ञान उपजतच प्रमाण धरावे. पुढे त्याला खोडून काढणारे ज्ञान, म्हणजे बाधक, उभे राहिले तर ते सोडावे. रोजचे आयुष्य याच रीतीने चालते. बसचा कंडक्टर ‘स्वारगेट’ म्हणाला की आपण चढतो, परवाना मागत नाही. ‘कुणावरही विश्वास ठेवू नका’ असे सांगणाऱ्या जाहिराती माणसाला चार्वाक व्हायला सांगतात, आणि चार्वाकाला बस पकडता येत नाही. मात्र मीमांसकांच्या या औदार्याला एक मोकळी खिडकी लागते: बाधक ज्ञान आत येऊ शकले पाहिजे. गुप्ततेची अट ती खिडकी बंद करते. चोराला तुमचा विश्वास नको असतो, तो बहुधा मिळतोच. त्याला हवा असतो तुमच्या आणि दुसऱ्या माणसाच्या मध्ये एक पडदा.

खऱ्या अटकेचा कायदा याच्या उलट टोकाला आहे, आणि तो योगायोग नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेची कारणे सांगावी लागतात, पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यावे लागते, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. आणि अटक झाल्याचे नातेवाइकाला किंवा मित्राला ताबडतोब कळवणे हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. म्हणजे खरी सत्ता आपला शब्द तिसऱ्या माणसापुढे ठेवायला बांधलेली आहे. ‘घरी कळवू नका’ म्हणणारा अधिकारी खोटा आहे, किंवा खरा असेल तर बेकायदा वागतो आहे. दोन्ही बाबतींत फोन ठेवून सायबर मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर कळवणे योग्यच.

दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका बाईंच्या बाबतीत हा पडदा २६ डिसेंबर २०२४ पासून मार्चपर्यंत टिकला आणि वीस कोटींहून अधिक रक्कम गेली. त्या सतत खोलीत असतात, कुणावर तरी ओरडतात, जेवायला तेवढ्या बाहेर येतात, हे खटकले ते घरकाम करणाऱ्या बाईंना. त्यांनी ते मुलीच्या कानावर घातले. ना बँकेच्या संगणकाला संशय आला, ना कुठल्या यंत्रणेला. समर्थ रामदासांनी दासबोधात गुरूची लक्षणे सांगताना चमत्कार दाखवणाऱ्यांना बाजूला काढले आणि प्रचीतीवर भर दिला, तो अध्यात्माच्या संदर्भात. इथे प्रचीती आली ती केर काढता काढता.

सगळा भार नागरिकाच्या विवेकावर टाकणे मात्र सरकारला फार सोयीचे आहे. खोटा अधिकारी खपतो, कारण खरे अधिकारीही पुष्कळदा तसेच बोलतात. दरडावणे, कागद न दाखवणे, व्हॉट्सअॅपवर नोटीस धाडणे ही चोरांनी शोधलेली शैली नव्हे. त्यांनी ती उचलली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना सांगावे लागले, की हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपसारख्या माध्यमातून बजावू नका. खऱ्या-खोट्यातले अंतर खऱ्यानेच कमी केले असेल, तर खोटा ओळखला नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा?

फोनच्या पलीकडचा माणूसही नेहमी स्वतंत्र असतोच असे नाही. म्यानमारमधले म्यावड्डी, कंबोडिया, लाओस इथल्या बंदिस्त वसाहतींतून हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता, की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे जबरदस्तीने अशा फसवणुकीच्या कामाला जुंपलेली असावीत. नोकरीचे आमिष, मग पासपोर्ट काढून घेणे, मग मार. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांतून अशा ५४९ भारतीयांना परत आणले. कर्माचा हिशेब इथे फार गुंतागुंतीचा होतो. खरोखर डांबलेला माणूस दुसऱ्याला ‘तू डांबलेला आहेस’ असे पटवून देतो, आणि त्या दिवशीचा कोटा भरला तर त्याची पाठ वाचते. त्याचे पाप किती आणि त्याच्या मालकाचे किती, हे दंडसंहितेतल्या कलमांनी सहज मोजता येणार नाही.

हरियाणातल्या अंबाला इथल्या एका वृद्ध दांपत्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये नेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायाधीशांच्या खोट्या सह्यांनी न्यायसंस्थेवरील लोकांच्या विश्वासाच्या मुळावरच घाव बसतो, अशी चिंता व्यक्त केली, आणि १ डिसेंबरला देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. ज्या सीबीआयचे नाव घेऊन लुटले, तिच्याचकडे. त्याच वेळी न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारले, की चोरीचा पैसा फिरवणारी खाती शोधायला कृत्रिम बुद्धिमत्ता का वापरली जात नाही.

बँकांची अडचण खरी आहे. सही खरी, ओटीपी खरा, खातेदार स्वतः काउंटरवर उभा. संमतीची सगळी बाह्य लक्षणे हजर; फक्त संमती नाही. व्यवहार वैध धरायचा आणि आक्षेप आला तर थांबवायचे, ही बँकेची रीत मीमांसकांची. न्यायालय आता तिला नैयायिक व्हायला सांगते आहे. हैदराबादेत २०२४ च्या नोव्हेंबरात स्टेट बँकेच्या एका शाखेत ६१ वर्षांचे एक जुने ग्राहक मुदत ठेवी मोडायला आले. कारण विचारले तर खासगी काम म्हणाले. कर्मचाऱ्यांनी ठेवी मोडायची घाई केली नाही, पुन्हा पुन्हा विचारत राहिले, अखेर १९३० ला फोन लावून दिला, आणि १३ लाख रुपये वाचले. आपल्याच पैशांसाठी आलेल्या माणसाच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. एरवी अशा वागण्याबद्दल याच ग्राहकाने शाखाधिकाऱ्याकडे तक्रार केली असती, आणि ती रास्त ठरली असती.